अपडेटनं काय सुधारतं, काय नाही

प्रश्न : मी बार्शी तालुक्यात आशा म्हणून काम करते. घरभेटी, लसीकरणाच्या याद्या, गरोदर बायकांच्या नोंदी, सगळं फोनवरच असतं. जुना फोन फार अडकायला लागला म्हणून हप्त्यावर सोळा हजारांचा नवा घेतला. महिना होत आला. आवाज मोठा आहे, नेटवर्क वस्तीवरही टिकतं, फोन अडकत नाही. पण पहिला आठवडाभर बॅटरी दुपारीच संपायची, आता संध्याकाळ गाठते. अंगठा कधी घेतो, कधी नाही. उन्हात स्क्रीन आधी नीट दिसते, मग आपोआप मंद होते. ‘कुऱ्हाडे’ लिहायला गेलं की ‘कुर्हाडे’ होतं. लॉक स्क्रीनवर जाहिराती येतात त्या वेगळ्याच. दुकानदार म्हणतो, अपडेट आलं की सगळं ठीक होईल. होईल का? आणि पुढच्या फोनात काय सुधारायला हवं हे सांगायचं तरी कुणाला?
– एक वाचक, बार्शी तालुका

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलचा एकदाही उल्लेख नाही, याचं मला फार बरं वाटलं. फोनवर पोट असणाऱ्या माणसानं फोन असाच पारखावा. दुकानदाराचं म्हणणं मात्र अर्धंच खरं आहे. तुमच्या काही तक्रारी अपडेटनं जातील, काही तुमच्या हातानं आजच जातील आणि काही या फोनात कधीच जाणार नाहीत.

बॅटरीची काळजी सोडा. नव्या फोनात पहिले काही दिवस पडद्यामागे खूप काम चालू असतं. जुन्या फोनमधलं सगळं उतरवून घेणं, प्रत्येक अ‍ॅप अद्ययावत करणं, फोटोंची वर्गवारी लावणं. त्यात आपणही फोन जास्त हाताळतो. म्हणून पहिल्या आठवड्यावरून बॅटरीचं मत बनवू नये. ‘नवा फोन आधी आठ तास चार्जिंगला लावा’ हा सल्ला अजून ऐकू येतो, पण तो जुन्या निकेलच्या बॅटऱ्यांचा. आताच्या लिथियम-आयन बॅटरीला त्याची गरज नाही. सेटिंगमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल, तर घरी असाल त्या दिवशी ती चालू ठेवा. लांबच्या घरभेटींच्या दिवशी पूर्ण भरून न्या.

आता अंगठा. यावर मला सविस्तर लिहायचं आहे, कारण सोलापुरातल्या माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर ही तक्रार सतत येते, आणि येणाऱ्यांत विडी वळणाऱ्या बायका बऱ्याच असतात. त्यांचं बोट भिंगाखाली धरलं की कारण लगेच दिसतं. वर्षानुवर्षं पान आणि तंबाखू वळून अंगठ्याच्या टोकावरच्या रेषा झिजून सपाट झालेल्या असतात. भांडी-धुणी, शेत, चुना, सिमेंट यांत राबणाऱ्या हातांचंही तेच होतं. रेशन दुकानातल्या यंत्रावर ज्यांना चार-चार वेळा बोट दाबावं लागतं, त्याच या बायका.

तुमच्या फोनात सेन्सर कुठे आहे ते बघा. बाजूच्या बटणात असेल, तर तो रेषांचे उंचवटे आणि खोलगट भाग यांतला विजेचा अगदी बारीक फरक मोजतो. बोट ओलं किंवा घामेजलेलं असलं की तो गोंधळतो. स्क्रीनखाली असेल, तर या किमतीच्या फोनात तो बहुधा प्रकाशावर चालतो. स्क्रीन बोटावर उजेड टाकते आणि खालचा छोटा कॅमेरा फोटो काढतो. कोरडं, भेगाळलेलं बोट किंवा वर लावलेली जाड काच त्याला चालत नाही. दुकानात काच बसवायच्या आधी अंगठा नोंदवला असेल, तर तो काढून काच लावलेल्या स्थितीत पुन्हा नोंदवा. मग एकच अंगठा दोनदा नोंदवा : एकदा सकाळी कामाआधी आणि एकदा संध्याकाळी काम उरकल्यावर, हात जसे असतील तसे. शिवाय ज्या हातानं कमी काम करता, त्याचं मधलं बोटही घाला. बराच फरक पडेल. पण झिजलेल्या रेषा कोणतंच अपडेट परत आणणार नाही, त्यामुळे पिन लक्षात असू द्या.

उन्हाचं दुखणंही बरंचसं यंत्रातलं आहे. बहुतेक फोन भोवतालची हवा ३५ अंशांपर्यंत असेल असं धरून बनवलेले असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि त्यात स्क्रीनवर थेट ऊन. फोन तापला की स्वतःला वाचवायला उजेड कमी करतो, चार्जिंग हळू करतो. तो बिघाड नाही. उन्हात नोंद घेताना जाड कव्हर काढा, लोकेशन आणि हॉटस्पॉट लागत नसेल तर बंद ठेवा, चार्जिंग चालू असताना काम करू नका. तापलेला फोन फ्रिजमध्ये ठेवणारे लोक मी पाहतो. कृपया तसं करू नका, आत पाणी धरतं आणि मग तो माझ्याकडे येतो. एक मात्र तपासा : बऱ्याच फोनांत सगळ्यात जास्त उजेड फक्त ‘ऑटो ब्राइटनेस’ चालू असतानाच मिळतो. बॅटरी वाचवायला ते बंद केलं असेल, तर उन्हापुरतं चालू करा.

‘कुऱ्हाडे’ आजच सुटेल. आधी कीबोर्डची भाषा मराठीच आहे ना ते बघा, कारण पुष्कळदा दुकानातून हिंदी लावून मिळते आणि मग सुचणारे शब्दही हिंदी असतात. मराठी लावलीत की र च्या आसपास किंवा र दाबून धरल्यावर ऱ शोधा. तो, मग पाय मोडण्याचं चिन्ह, मग ह. वस्तीवरची अशी सगळी आडनावं, वऱ्हाडे, गोऱ्हे, कीबोर्डच्या वैयक्तिक शब्दकोशात एकदाच घालून ठेवा. याद्यांत नाव दोन तऱ्हांनी लिहिलं गेलं, तर शोधताना बाळाची नोंद सापडत नाही, म्हणून ही शुद्धलेखनाची हौस समजू नका. कंपन्यांनी सुधारायलाच हवी अशी ही गोष्ट आहे : मराठी निवडली की सूचनांमध्ये मराठी आडनावं आणि गावांची नावं बरोबर यावीत.

जाहिराती राहिल्या. लॉक स्क्रीनच्या सेटिंगमध्ये बदलत्या चित्रांचा किंवा बातम्यांचा पर्याय असतो, तो बंद करा. नको ती सूचना आली की ती दाबून धरा, तिथेच बंद करता येते. पैसे मोजून घेतलेल्या फोनात हे असूच नये, असं माझं ठाम मत आहे. गरोदर बाईच्या घरी नोंद घेताना स्क्रीनवर कर्जाची जाहिरात झळकणं मला अजिबात मान्य नाही. अपडेटमधून हे काढायला कंपनीला नवं तंत्र लागत नाही, फक्त ठरवावं लागतं.

सांगायचं कुणाला? फोनच्या सेटिंगमध्ये किंवा कंपनीच्या मदतीच्या अ‍ॅपमध्ये ‘अभिप्राय’ किंवा ‘फीडबॅक’ असतं. तिथे मराठीतच लिहा, स्क्रीनचा फोटो जोडा, दिवस आणि वेळ टाका. ‘फोन चांगला नाही’ असं लिहिलं तर कुणी काही करू शकत नाही. ‘भर दुपारी उन्हात यादी उघडल्यावर काही मिनिटांत स्क्रीन मंद होते’ यावर इंजिनियर काम करू शकतो. वॉरंटीत टाळाटाळ झाली तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

आणि माझी स्वतःची मागणी : फोन किती वर्षं सांभाळणार ते खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापा. गूगलच्या २०२३ च्या पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगच्या २०२४ च्या गॅलेक्सी एस २४ ला सात वर्षं अपडेट देण्याचं वचन दिलं गेलं, पण ते महागडे फोन. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून बाजारात येणाऱ्या फोनांना, त्यांची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षं अपडेट आणि सात वर्षं सुटे भाग द्यावे लागतात. बॅटरीनं ८०० वेळा चार्ज झाल्यावरही ८० टक्के क्षमता राखायला हवी, असंही तिथे बंधन आहे. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, पण असं बंधन नाही. सोळा हजारांच्या फोनला ते सगळ्यात आधी हवं, कारण तो घेणारं माणूस दोन वर्षांनी नवा घेऊ शकत नाही.

प्रश्न : १२८ जीबीचा फोन घेतला, पण मोकळी जागा शंभरच्या आसपास दिसते. फसवणूक झाली का?
– एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : नाही. अँड्रॉइड आणि कंपनीची स्वतःची अ‍ॅप्स बरीच जागा घेतात. नको असलेली अ‍ॅप्स काढा. निघत नसतील ती निदान ‘डिसेबल’ करा.

प्रश्न : ओळखीच्याकडून जवळजवळ नवा फोन स्वस्तात मिळतोय. घ्यावा का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आधी त्या फोनवर *#०६# लावा. आयएमईआय, म्हणजे फोनचा पंधरा आकडी ओळख क्रमांक, दिसेल. तो खोक्यावरच्या आणि बिलावरच्या आकड्याशी जुळवा. मग मोठ्या इंग्रजी अक्षरांत केवायएम लिहून, जागा सोडून तो आकडा १४४२२ वर एसएमएस करा, किंवा दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर तपासा. फोन काळ्या यादीत असेल तर तिथे कळेल. बिल नसेल तर कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका.