डायलिसिसचं इंजेक्शन सायकलच्या शर्यतीत कसं पोचलं?

प्रश्न : मॅडम, माझ्या सासऱ्यांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं. रक्त वाढायचं इंजेक्शन आमच्या फ्रिजमध्ये कायम असतं. मुलगा एकोणीस वर्षांचा, त्याला सायकलिंगचं वेड. दर रविवारी पहाटे ग्रुपबरोबर कसारा घाट गाठतो. परवा फ्रिज उघडून म्हणाला, "आई, युरोपातले मोठमोठे सायकलपटू हेच घ्यायचे." हे खरं आहे का? आणि आजोबांना चालतं ते मला का नाही, असं त्यानं विचारलं तर काय सांगू?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, मुलगा म्हणतो ते खरं आहे. तो तुमच्याशी हे बोलतोय, तर त्याला गप्प करू नका. सगळं सांगा. ज्यांनी ते घेतलं नाही त्यांचंही सांगा, कारण ती बाजू सहसा कुणी सांगत नाही.

आधी औषधाबद्दल. आपल्या मूत्रपिंडात एरिथ्रोपोएटिन, म्हणजे ईपीओ, नावाचं संप्रेरक तयार होतं. ऑक्सिजन कमी पडतोय असं जाणवलं की मूत्रपिंड ते सोडतं आणि अस्थिमज्जा तांबड्या पेशी जास्त बनवायला लागते. मूत्रपिंडं निकामी झाली की हा निरोपच जात नाही, म्हणून तेच संप्रेरक तुमच्या फ्रिजमधल्या इंजेक्शनातून द्यावं लागतं. शिकागोच्या युजीन गोल्डवॉसर यांनी १९५५ मध्ये या संप्रेरकाचा शोध सुरू केला, आणि ते शुद्ध रूपात हाती आलं १९७७ मध्ये. तेही जपानी रुग्णांच्या सुमारे अडीच हजार लिटर लघवीतून, जेमतेम काही मिलिग्रॅम. पुढे ॲम्जेन कंपनीत फू-कुएन लिन यांनी त्याचं जनुक वेगळं केलं आणि जून १९८९ मध्ये अमेरिकेत औषधाला मंजुरी मिळाली. मी शिकत होते तेव्हा हे औषध आपल्याकडे आलेलं नव्हतं. डायलिसिसच्या माणसाला सारखं दुसऱ्याचं रक्त चढवावं लागे. रक्तपेढीच्या खिडकीशी ताटकळलेले नातेवाईक मी पाहिले आहेत, आणि इतकं रक्त घेऊन शरीरात साठत गेलेलं लोहही. या औषधाबद्दल मला फार आदर आहे, म्हणूनच पुढची हकिगत सांगताना राग येतो.

तांबड्या पेशी वाढल्या की स्नायूंना ऑक्सिजन जास्त मिळतो, म्हणून रक्ताचा मोह शर्यतींना आधीपासूनच होता. जानेवारी १९८४ मध्ये इटलीच्या फ्रान्चेस्को मोझरनं मेक्सिको सिटीत एका तासात ५१.१५१ किलोमीटर कापले. बेल्जियमच्या एडी मर्क्सचा १९७२ चा विक्रम ४९.४३१ चा होता. तयारीत आपण रक्त चढवून घेतलं होतं, हे मोझरनं पुढे स्वतःच कबूल केलं. त्याच वर्षी लॉस एंजेलिस ऑलिम्पिकच्या वेळी अमेरिकेच्या काही सायकलपटूंनीही रक्त घेतलं. तेव्हा नियमात त्याला बंदी नव्हती. पण रक्त काढा, साठवा, गट जुळवा, ही मोठी उठाठेव होती. ईपीओनं ती संपवली. कातडीखाली एक बारीक सुई टोचली की काम झालं.

आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं १९९० मध्ये ईपीओवर बंदी घातली. पण पकडायचं कसं? बाहेरून दिलेलं संप्रेरक शरीरातल्यासारखंच दिसतं आणि काही दिवसांत निघूनही जातं. लघवीतून ते ओळखण्याची पद्धत पॅरिसजवळच्या प्रयोगशाळेत फ्रान्स्वाज लान आणि झाक द सोरिझ यांनी शोधली, ती प्रसिद्ध झाली २००० मध्ये. मधली दहा वर्षं बंदी फक्त कागदावर होती. एप्रिल १९९४ मध्ये बेल्जियमच्या फ्लेश वालोन शर्यतीत पहिले तिघंही एकाच गेविस संघाचे आले. संघाचे डॉक्टर मिकेले फेरारी पत्रकारांना म्हणाले की ईपीओ धोकादायक नाही, अतिरेक धोकादायक आहे, दहा लिटर संत्र्याचा रस प्यायलात तर तोही धोकादायकच. डॉक्टरच्या तोंडी हे वाक्य आजही मला सहन होत नाही. १९९६ ची टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या ब्यार्ने रीसनं २००७ मध्ये ईपीओ घेतल्याची कबुली दिली.

आता माझ्या टेबलावरची गोष्ट. तुमच्या सासऱ्यांच्या रिपोर्टवर पीसीव्ही लिहिलेलं असतं, त्यालाच हिमॅटोक्रिट म्हणतात. काचेच्या केसासारख्या नळीत रक्त भरायचं, एक टोक मेणमातीनं बंद करायचं आणि सेंट्रिफ्यूजमध्ये पाच मिनिटं गरगर फिरवायचं. तळाशी तांबड्या पेशींचा घट्ट थर बसतो, त्यावर पांढरी बारीक रेघ, वर पिवळसर पाणी. तांबडा थर पट्टीवर मोजायचा. निरोगी पुरुषात तो साधारण ४० ते ५० टक्के भरतो. १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेनं नियम केला की ५० च्या वर गेलेल्या पुरुष सायकलपटूनं पंधरा दिवस शर्यतीबाहेर थांबायचं. हेतू आरोग्याचा होता. झालं असं की ४२ टक्केवाल्यालाही ५० पर्यंत जायची वाट मोकळी मिळाली. संघ छोटी सेंट्रिफ्यूज बरोबर घेऊन हॉटेलांत उतरू लागले, तपासणीआधी सलाइन लावून रक्त पातळ करू लागले. आजारी माणसासाठी मी जे यंत्र वापरते, तेच तिथे पहाटे लपवाछपवीसाठी चालत होतं.

जुलै १९९८ मध्ये फेस्टिना संघाचा मदतनीस विली व्हूत फ्रान्स-बेल्जियम सीमेवर औषधांनी भरलेल्या गाडीसह पकडला गेला आणि सगळं चव्हाट्यावर आलं. मुलाला सांगा ते नाव याच प्रकरणातलं : क्रिस्तोफ बासाँ. फेस्टिनाचाच सायकलपटू. हा घेत नाही, अशी साक्ष त्याच्या सहकाऱ्यांनीच दिली. १९९९ च्या टूरमध्ये तो वर्तमानपत्रात उघडपणे लिहीत होता, तर लान्स आर्मस्ट्राँगनं चालत्या शर्यतीत त्याला गाठून निघून जा म्हणून सुनावलं. बाकीच्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. त्यानं ती शर्यत सोडली आणि दोनेक वर्षांत व्यावसायिक सायकलिंगही. आर्मस्ट्राँगची टूरची सात विजेतेपदं २०१२ मध्ये काढून घेतली गेली, पण बासाँची गेलेली वर्षं त्याला कुणी परत दिली नाहीत. "सगळेच घ्यायचे" असं म्हणणं अशा माणसांवर अन्याय करणारं आहे.

राहिला "मला का नाही" हा प्रश्न. १९९० मध्ये योहानेस ड्राइयर हा सव्वीस वर्षांचा डच सायकलपटू झोपेत गेला, तेव्हा ईपीओची खूप चर्चा झाली. ते सिद्ध झालं नाही, म्हणून मी तो दाखला पुढे करणार नाही. त्याहून पक्का पुरावा डायलिसिसच्याच रुग्णांचा आहे. हृदयविकार असलेल्या अशा बाराशेहून अधिक रुग्णांवर अमेरिकेत अभ्यास झाला, तो १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींचं हिमॅटोक्रिट ३० वर ठेवलं, काहींचं निरोगी माणसाइतकं, ४२ वर न्यायचं ठरवलं. दुसऱ्या गटात मृत्यू आणि हृदयविकाराचे झटके जास्त दिसू लागले आणि अभ्यास मध्येच थांबवावा लागला. म्हणून तुमच्या सासऱ्यांचं हिमोग्लोबिन दहा-अकराच्या आसपास आलं की डॉक्टर हात आखडता घेतात, बीपी बघत राहतात. तुमच्या मुलाचं बहुधा चौदा-पंधरा असेल. त्यावर आणखी पेशी चढवून तो एप्रिलच्या उन्हात कसारा घाट चढला, तर घामानं रक्तातलं पाणी कमी होईल, रक्त आणखी दाट होईल आणि गुठळीचा धोका वाढेल. आणि ताई, सिरिंज तुमच्याच ताब्यात असू द्या. मुलावर संशय म्हणून नव्हे, घरात मित्र येतात-जातात म्हणून.

प्रश्न : मग सायकलिंगसाठी लोहाच्या गोळ्या घेतल्या तर चालतील का? त्या तर साध्या असतात.
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : अंदाजानं घेऊ नका. आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासा. हिमोग्लोबिन थोडं कमी असण्याचं कारण दर वेळी लोहच असतं असं नाही. आपल्याकडे थॅलेसेमिया मायनर, म्हणजे हिमोग्लोबिनचा सौम्य आनुवंशिक दोष, असलेले बरेच लोक आहेत, त्यांना लोह कमी नसताना गोळ्या देऊन उपयोग होत नाही. नको असलेलं लोह शरीर बाहेर टाकू शकत नाही, ते यकृतात साठतं. फेरिटिन खरोखर कमी आलं तर डॉक्टर सांगतील तितके दिवस गोळी घ्या, आणि ती चहाबरोबर घेऊ नका.