क्युसेक म्हणजे वेग नव्हे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न (पुण्याहून) : नमस्कार, पावसाळ्यात मेसेज फिरतात की खडकवासल्यातून 30 हजार क्युसेक सोडले, भिडे पूल पाण्याखाली गेला वगैरे. हा पाण्याचा वेग समजायचा का? आणि गावाकडे आमचा पाट आहे, त्याचा वेग घरच्या घरी मोजता येईल का?

उत्तर : नाही हो, हा वेग नाहीच, आणि ही गल्लत खूप जण करतात म्हणून जरा सविस्तर सांगतो. क्युसेक म्हणजे एका सेकंदात किती घनफूट पाणी पुढे गेलं ते, त्याला विसर्ग म्हणतात, एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण 28.3 लिटर. म्हणजे 30 हजार क्युसेक झाले सेकंदाला 850 घनमीटर. आता समजा पात्र 100 मीटर रुंद आणि सरासरी 4 मीटर खोल आहे, छेद, म्हणजे पात्र आडवं कापलं तर दिसणारं पाण्याचं क्षेत्रफळ, झाला 400 चौरस मीटर, 850 ला 400 ने भागा, वेग आला सेकंदाला 2.1 मीटर, ताशी साडेसात किलोमीटरच्या थोडा वर. पुढे भराव-बिराव टाकून पात्र आवळलंय आणि छेद 300 च राहिलाय तर तेच पाणी ताशी 10 किलोमीटरने जाणार, कारण मागचं पाणी काही थांबत नाही, ते एकतर चढतं नाहीतर पळतं, बहुतेक वेळा दोन्ही. आणि पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे इथे वेग तिसऱ्या हिश्श्याने वाढला पण रेटा जवळजवळ पावणेदोनपट झाला. नदीत भराव टाकायला विरोध का करायचा, ते या एका गणितात कळतं.

काठावर उभं राहून "पाणी संथ आहे" असं तर कधीच ठरवू नका प्लीज. तळाला आणि काठाला घासून पाणी हळू होतं, खरा जोर मध्यावर आणि वरच्या भागात असतो. पात्रात सरासरी वेग हवा असेल तर वेग मोजायचं यंत्र पृष्ठभागापासून खोलीच्या 0.6 वर धरतात ते यासाठीच.

पाटाचं सोपं आहे. सरळ, एकसारखा असा 10 मीटरचा तुकडा निवडा, दोन्ही टोकांना काठ्या रोवा आणि वरच्या काठीच्या जरा आधी मधोमध एक संत्रं सोडा, संत्रं अशासाठी की ते बरंचसं बुडून तरंगतं, वाऱ्याने ढकललं जात नाही. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर वेळ घ्या, चार-पाच वेळा करून सरासरी काढा. समजा 20 सेकंद लागले, तर वरचा वेग सेकंदाला अर्धा मीटर, त्याला 0.85 ने गुणलं की सरासरी वेग 0.425. पाट 1 मीटर रुंद आणि पाणी 40 सेंटिमीटर असेल तर सेकंदाला 170 लिटर, म्हणजे बरोबर 6 क्युसेक. पाळीचं पाणी कमी मिळतंय अशी शंका असेल तर हा आकडा हातात ठेवूनच बोलायला जा.

प्रश्न (नाशिकहून) : बागेच्या पाइपला अंगठा लावला की पाणी लांब उडतं, मग जास्त पाणी येतं का?

उत्तर : उलट कमी येतं. बादली लावून बघा, अंगठा लावल्यावर भरायला जास्त वेळ लागेल. होतं काय, तोंड मोकळं असताना टाकीचा बराचसा दाब लांब पाइपच्या घर्षणातच खर्च होतो, अंगठ्याने पाणी कमी झालं की घर्षणही कमी होतं आणि उरलेला दाब तोंडाशी वेग बनून बाहेर पडतो. त्याला हद्द आहे पण, टाकीतलं पाणी तोंडापासून 5 मीटर उंच असेल तर सेकंदाला 10 मीटरच्या वर वेग जाणार नाही, कितीही दाबा. हे टॉरिचेली या इटालियन शास्त्रज्ञाने सतराव्या शतकातच मांडून ठेवलंय.

प्रश्न (ठाण्याहून) : अरुंद जागी वेग वाढतो म्हणता, मग केसापेक्षा बारीक केशवाहिन्यांत रक्त सुसाट का पळत नाही?

उत्तर : मस्त प्रश्न! एक केशवाहिनी बारीक आहे, पण त्या अब्जावधी आहेत आणि सगळ्यांचे छेद एकत्र केले तर ते महाधमनीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या सगळ्यात मोठ्या रक्तवाहिनीच्या, शेकडो पट भरतात. म्हणून तिथे रक्त सेकंदाला जेमतेम मिलिमीटरभर सरकतं, आणि तेवढ्या वेळात ऑक्सिजन पेशींना पोचतो.