पहिला खेळ बायकांचा

प्रिय मुली,

तुझं पत्र आणि सोबतचा कार्यक्रमाचा कच्चा कागद, दोन्ही मिळालं. मिरजेत दोन दिवसांचा महोत्सव, तोही स्त्री दिग्दर्शकांच्या सिनेमाचा आणि हसवणाऱ्या बायकांचा! कागद मी तीनदा वाचला. फार आनंद झाला. आता जे खटकलं ते आधी सांगते.

पहिल्या दिवशी सकाळी दहाला दीपप्रज्वलन, मग सात सत्कार, मग 'स्त्रिया आणि विनोद' हा परिसंवाद, आणि पहिला सिनेमा साडेबाराला. हे उलटं कर. बरोबर दहाला हॉलमधले दिवे बंद झाले पाहिजेत.

आमच्या फिल्म सोसायटीनं बऱ्याच वर्षांपूर्वी असाच एक दिवस ठरवला होता. आसपासच्या गावांतून बायका आल्या, चांगली ठेवणीतली लुगडी-साड्या नेसून. प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले आणि भाषणं संपेचनात. सिनेमा लागला सव्वासहाला आणि गावाकडची शेवटची एसटी साडेसहाची. पडद्यावर पहिला विनोद होईपर्यंत अंधारात पिशव्या उचलल्याचे आवाज येत होते. शेवटी अकराजणी उरल्या. रडवणारा सिनेमा एकटीनं बघता येतो गं, पण हसायला शेजारी कुणीतरी लागतं. त्या दिवशी हशा पिकला नाही तो सिनेमाच्या दोषानं नाही, आमच्या दोषानं. म्हणून सांगते, म्हैसाळ, आरग, बेडग, मालगावच्या शेवटच्या गाड्यांच्या वेळा आधी स्टँडवर जाऊन लिहून आण आणि त्यावरून खेळांच्या वेळा लाव.

आता सुरुवात कशानं करायची? 1903 सालची 'मेरी जेन्स मिसहॅप' लाव. जेमतेम चार मिनिटांची इंग्लिश मूकफिल्म आहे. तिच्यातली लॉरा बेली म्हणजे दिग्दर्शक जॉर्ज आल्बर्ट स्मिथची बायको. ती झालीय मोलकरीण. बूट पॉलिश करता करता काळा हात तोंडावरून फिरवते, ओठावर मिशी उमटते, आणि ती सरळ आपल्याकडे बघून डोळा मारते. मग चूल पेटेना म्हणून तिच्यात रॉकेल ओतते. भडका उडतो आणि बाई धुराड्यातून बाहेर!

इथं तुला सावध करते. मी ही फिल्म बायकांच्या एका गटाला दाखवली तेव्हा मिशीला, डोळा मारण्याला हॉल खदखदून हसला, आणि रॉकेलचा डबा दिसताच सगळं चिडीचूप. आपल्याकडं बाई, रॉकेल आणि भडका हे तीन शब्द एकत्र आले की काय आठवतं, ते तुला सांगायला नको. 'स्टोव्हचा भडका उडाला' हे वाक्य पंचनाम्यात कितीदा लिहिलं गेलंय! मला वाटलं, चुकलंच आपलं. पण फिल्म तिथं संपत नाही. तिच्या कबरीपाशी माणसं जमतात, मेरी जेनचं भूत वर येतं, सगळे पळत सुटतात, आणि ती आपला रॉकेलचा डबा शोधून, घेऊन परत खाली जाते. त्या क्षणी जो हशा उसळला तसा मी आयुष्यात फार थोड्या वेळा ऐकलाय. पुढच्या रांगेतली एक आजी डोळ्याला पदर लावून हसत होती. फिल्म लावायच्या आधी हे काही सांगू नकोस. शांतता येईल, ती येऊ दे, घाबरू नकोस. नंतर मात्र दहा मिनिटं मोकळी ठेव. बायकांना बोलायचं असतं.

असल्या फिल्मांचा मोठा साठा आता हाताशी आहे. इटलीतल्या पोर्देनोनेच्या मूकपट महोत्सवानं 2017 मध्ये अशा दांडगट, मोडतोड करणाऱ्या बायकांच्या विनोदी फिल्मांचा खास विभाग केला होता. पुढं 2022 मध्ये त्याच वाटेनं 99 मूकफिल्मांचा चार डिस्कचा संच निघाला. त्यातली लेओंतिन नावाची व्रात्य पोर तुझ्या लहान प्रेक्षकांना आवडेल. पाथे या फ्रेंच कंपनीच्या एका फिल्ममध्ये या पोरीला खेळण्यातली होडी मिळते, ती सोडायला पाणी हवं म्हणून ती अख्खं घर पाण्यानं भरते. या नटीचं खरं नाव माहीत नाही. कामं उरली, बाईचं नाव गेलं. पत्रिकेत तसंच लिही, 'लेओंतिनचं काम करणारी अभिनेत्री', आणि त्या ओळीला इतरांइतकीच जागा दे.

फ्रेंच दिग्दर्शिका आलिस गी हवीच. तिनं 1896 पासून फिल्म केल्या, तरी पुढं कितीतरी वर्षं तिची कामं पुरुषांच्या नावावर मांडली गेली. तिची 1906 ची एक फिल्म आहे, तिच्यात पुरुष शिवण करतात, पोरं सांभाळतात आणि बायका कॅफेत सिगारेटी ओढत बसतात. आणि मूकपटांतली अमेरिकन विनोदी नटी, दिग्दर्शिका मेबल नॉर्मंड. चॅप्लिननं ढगळ विजार आणि छोटी टोपी कॅमेऱ्यापुढं पहिल्यांदा घातली ती 1914 मध्ये, तिच्या दिग्दर्शनाखालच्या फिल्मसाठी. पुढच्या एका फिल्मच्या वेळी त्यानं पाण्याच्या पायपाचा एक विनोद सुचवला, मेबल म्हणाली वेळ नाही, तर तो रस्त्याच्या कडेला जाऊन बसला, काम करेना. हे त्यानं स्वतःच आत्मचरित्रात लिहिलंय. पहिल्या फिल्मच्या सेटवर तुझं कुणी ऐकेना झालं की ही गोष्ट आठव.

जुन्या हिंदी सिनेमातली विनोदी नटी टुणटुण, तिचा विभाग तू 'धमाल टुणटुण' नावानं ठेवलायस. ते नाव काढ. आधी हॉलमध्ये अंधार ठेवून 1947 च्या 'दर्द'मधलं तिचं गाणं ऐकव. ती तेव्हा उमादेवी होती आणि संगीतकार नौशादकडं गात होती. तो आवाज पुरता ऐकून झाल्यावर मग प्रसंग दाखव. तिच्या जाडीवर केलेले विनोद लोकांना पाठ आहेत. ती एखादं वाक्य कुठं तोडते, कुणाकडं बघत तोडते, हे बघायला शिकव. प्रसंग त्या हिशेबानं निवड.

सई परांजपे यांचे 'चष्मेबद्दूर' आणि 'कथा' दोन्ही ठेवलेस, छान केलंस. 'चष्मेबद्दूर'मध्ये 'चमको' पावडर विकायला दारात आलेली मुलगी, बादलीतला फेस आणि समोर अवघडलेला तो तरुण, यात कुणाचाही अपमान नाही आणि तरी माणसं चाळीस वर्षं हसताहेत. हा सिनेमा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळ्यांसाठी ठेव.

पहिला खेळ मात्र फक्त बायकांचा ठेव. यावर समितीत वाद होईल, होऊ दे. मंगळागौरीच्या रात्री दार लावून घेतलं की आपल्या आज्या-माम्या काय काय सोंगं काढायच्या! सासऱ्याचं चालणं, नवऱ्याचं घोरणं, कोंबडा घालता घालता सगळ्यांची नक्कल. सकाळी त्याच बायका पदर सावरून चहा देत. बाईला विनोद जमतो का, हा प्रश्नच मला रागाचा वाटतो. जमत आलाय, दार बंद करून. म्हणून एकदा त्यांना पुरुषांच्या नजरेविना मोठ्या पडद्यासमोर हसू दे. मग तीच फिल्म दुपारी सर्वांसाठी लाव आणि हशा कुठं कुठं बदलतो ते मागं उभी राहून टिपून ठेव. पुढं स्वतःची फिल्म करशील तेव्हा ती वही उपयोगी पडेल.

संध्याकाळी ज्या मुली स्टँडअप करणार आहेत, त्यांचं मानधन स्टेजवर जायच्या आधी हातात दे. रात्री राहायची खोली तू स्वतः बघून ये, आतली कडी लागते का तेही बघ. प्रेक्षकांना मोबाइल बंद ठेवायला सांग. वर्षभर घासूनपुसून केलेली दहा मिनिटं कुणी नेटवर टाकली की ती त्या मुलीच्या कामाची राहत नाहीत. आणि त्यांच्या वेळेला जेवण वाढू नकोस.

परवानग्यांचं थोडक्यात: आपल्या कायद्यात सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर 60 वर्षं चालतो, म्हणजे 1903 ची मूळ फिल्म मोकळी आहे, पण साफ करून, नवं संगीत चढवून काढलेली प्रत ज्यांची, त्यांना विचारल्याशिवाय लावू नकोस. सेन्सॉर न झालेल्या फिल्मांसाठी माहिती आणि प्रसारण मंत्रालयाची सूट लागते. तो अर्ज याच आठवड्यात पाठव.

मूकफिल्मांना साथ मात्र मिरजेची असू दे. तंतुवाद्यांचं गाव आहे तुमचं, पेटी-तबल्याची साथ करणाऱ्यांना काय तोटा? त्यांना फिल्म निदान तीनदा आधी दाखव. मेरी जेन डोळा मारते तिथं तबला थांबला पाहिजे, आणि भडक्याच्या वेळी कुणी जोरात वाजवायचं नाही. ते त्यांना समोर बसून समजावून सांग.

मी आदल्या दिवशी दुपारच्या गाडीनं येते. मला पहिल्या रांगेत बसवू नकोस. भिंतीकडेची, थोडी वळवलेली खुर्ची ठेव, म्हणजे पडद्याच्या उजेडात बायकांचे चेहरे दिसतील.

तुझ्या,
बाई