शाळेत शिकवणारा माणूस आमदार होऊ शकतो का? शिकवण्याचा अनुभव तिथे कामी येतो का?

तुम्ही कळव्याच्या खाजगी अनुदानित शाळेत माध्यमिकला शिकवता आणि विचारता की राजीनामा न देता आमदारकी लढवता येते का, आणि फळ्यासमोर घालवलेल्या वर्षांचा सभागृहात काही उपयोग होतो का. मी ठाण्यात तीस वर्षं गणित शिकवलं आणि त्यातली निम्मी वर्षं शिक्षक संघटनेच्या मतदार नोंदणीत घालवली. स्वतः कधी उभा राहिलो नाही. उभे राहिलेल्यांचे अर्ज, सभा, चहा-वडे मात्र पुष्कळ सांभाळले.

आधी राजीनाम्याचं. खाजगी अनुदानित शाळेतला शिक्षक संस्थेची परवानगी घेऊन लढू शकतो. जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेत असतात, तर आधी नोकरी सोडावी लागली असती.

आता एक गोष्ट, जी ऐकून आमच्या स्टाफरूममधले निम्मे लोक अजून चकित होतात. विधान परिषदेच्या, म्हणजे विधिमंडळाच्या वरच्या सभागृहाच्या, ७८ जागांपैकी ७ शिक्षक मतदारसंघांच्या आहेत, पण तिथे उभं राहायला शिक्षक असावं लागत नाही! वय ३० पूर्ण आणि राज्यातल्या कुठल्याही विधानसभेच्या यादीत नाव, एवढं पुरतं. शिक्षक असण्याची अट फक्त मतदाराला. गेल्या ६ वर्षांत किमान ३ वर्षं माध्यमिक किंवा त्यावरच्या संस्थेत शिकवलेलं असावं लागतं. पहिली ते चौथीला जन्म घालवणाऱ्या बाईंना या मतदारसंघात मतच नाही. मला हे कधीच पटलं नाही.

आपला शिक्षक मतदारसंघ कोकण विभाग. ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे पाच जिल्हे आणि २०२३ च्या निवडणुकीत मतदार सुमारे ३८ हजार. विधानसभेच्या एका मतदारसंघात तीन-चार लाख मतदार असतात, म्हणजे आकडा लहान वाटतो. पण हे ३८ हजार डहाणूपासून सावंतवाडीपर्यंत पसरलेत. इथे रिक्षावर भोंगा लावून भागत नाही. प्रत्येक शाळेच्या स्टाफरूममध्ये मधल्या सुट्टीत जावं लागतं, आणि सर लोक चहा पिता पिता पहिला प्रश्न विचारतात, ‘आमच्या वरिष्ठ श्रेणीचं काय झालं?’ (म्हणजे ठरावीक वर्षांच्या नोकरीनंतरची वरची वेतनश्रेणी.)

माझ्या मते या कारकिर्दीचं सगळं मर्म याच प्रश्नात आहे. उत्तम शिकवतो म्हणून कुणी निवडून आलेला मी पाहिला नाही. माझी बारा वर्षांनंतरची वरिष्ठ श्रेणीची फाइल एका कार्यालयात दीड वर्ष पडून होती. दर वेळी नवी त्रुटी. शेवटी संघटनेचा एक कार्यकर्ता जुन्या बजाजवरून आला, टेबलाशी दोन तास बसून राहिला आणि सही घेऊनच उठला. त्याने कधी मत मागितलं असतं तर मी डोळे मिटून दिलं असतं. संच मान्यता (शाळेत किती शिक्षकपदं मंजूर ते), शालार्थ आयडी (पगाराच्या ऑनलाइन प्रणालीतला क्रमांक), २० टक्क्यांवर अडकलेलं अनुदान, १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांची पेन्शन हे ज्याला शासन निर्णयाच्या तारखांसह पाठ असतं, तोच पुढे तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, नीट विचारू शकतो. मंत्री ‘तपासून घेतो’ म्हणाले की हा लगेच पूरक प्रश्न टाकतो. तुमचा अनुभव कामी येतो तो इथे.

पण नुसत्या कामावरही भरवसा ठेवू नका. रामनाथ मोते सरांनी याच मतदारसंघाचे आमदार म्हणून दोन टर्म काढल्या होत्या. २०१७ ला शिक्षक परिषद या त्यांच्या संघटनेने उमेदवारी दिली नाही, ते अपक्ष लढले आणि शेकापचे (शेतकरी कामगार पक्षाचे) बाळाराम पाटील निवडून आले. २०२३ मध्ये पाटलांना भाजपचे ज्ञानेश्वर म्हात्रे यांनी हरवलं. पक्षाचा हात आता इथे उघड असतो. ‘आम्ही फक्त शिक्षकांचे’ हे वाक्य फक्त पत्रकावर उरलंय.

दुसऱ्या वाटाही आहेत. कल्याणचे प्रा. राम कापसे सरळ विधानसभेतून गेले, मग १९८९ आणि १९९१ ला ठाण्याचे खासदार झाले. सोव्हिएत रशियाचे अभ्यासक प्रा. अशोक मोडक कोकण पदवीधर मतदारसंघातून दोनदा विधान परिषदेवर होते. पण त्या वाटांवर तुमची ओळख शिक्षक म्हणून थोडीच, पक्षाचा माणूस म्हणून जास्त.

मतदानाची पद्धत मात्र आत्ताच घोटून घ्या आणि इतरांनाही शिकवा. केंद्रावर मिळणाऱ्या जांभळ्या स्केच पेननेच उमेदवारांपुढे १, २, ३ असा पसंतीक्रम आकड्यात लिहायचा. टिकमार्क केली की मत बाद. जन्मभर पोरांच्या पेपरवर लाल टिका मारलेल्या मास्तरांची इथे हमखास चूक होते.

पुढची निवडणूक २०२९ च्या सुरुवातीला येईल. या मतदारसंघाची मतदार यादी दर वेळी पहिल्यापासून नव्याने होते, म्हणजे २०२८ च्या पावसाळ्यानंतर तुम्हाला नमुना १९ चे, म्हणजे मतदार नोंदणीच्या अर्जांचे, गठ्ठे घेऊन शाळा पालथ्या घालाव्या लागतील. शिकवल्याचा मुख्याध्यापकांचा दाखला सोबत जोडायचा. आणि त्या गडबडीत स्वतःचा नोंदणी अर्ज भरायला विसरू नका. आमचा एक पदाधिकारी शे-दोनशे लोकांचे अर्ज जमा करून आला आणि मतदानाच्या दिवशी यादीत त्याचंच नाव नव्हतं. दिवसभर केंद्राबाहेर पाण्याच्या बाटल्या वाटत बसला होता.