रॅम स्लॉटमध्ये बसली पण पीसी चालू होईना, पैसे परत मिळतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की इंटेल प्रोसेसरच्या जुन्या मदरबोर्डसाठी 8 जीबीची डीडीआर3 (जुन्या पिढीची) रॅम ऑनलाइन मागवली, बसली नीट, पण बटण दाबलं की नुसते बीप आणि स्क्रीन काळी, आणि विक्रेता म्हणतो माल चांगला आहे, तुमचाच बोर्ड जुना, रिटर्न घेणार नाही.

खरं सांगू का, डीडीआर4, म्हणजे पुढच्या पिढीची रॅम मागवली असतीत तर मी म्हटलं असतं सोडून द्या. तिला 288 पिना, डीडीआर3 ला 240, खाचही वेगळ्या जागी, आत जाणारच नाही, आणि प्रकार वरच लिहिलेला असतो, त्यामुळे चूक घेणाऱ्याची. तुमचं तसं नाही. स्वस्त डीडीआर3 मध्ये फक्त एएमडी (इंटेलची स्पर्धक कंपनी) प्रोसेसरच्या बोर्डवर चालणारा एक प्रकार येतो, त्याच्या चिप्सची मांडणीच अशी की इंटेलचा मेमरी कंट्रोलर (रॅमशी बोलणारा भाग) ती घेत नाही, आणि दिसायला मात्र ती आणि साधी डीडीआर3 सारख्याच. तुमची तीच असावी असं मला वाटतं.

म्हणून आधी त्या रॅमचं पेज उघडा. ‘फक्त एएमडीसाठी’ असं कोपऱ्यात जरी लिहिलं असेल तर तुमची बाजू लंगडी. पण ‘सर्व डेस्कटॉपसाठी’ असं असेल तर आत्ताच स्क्रीनशॉट काढा, उद्या विक्रेता तो मजकूर बदलेल. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे माल जाहिरातीतल्या वर्णनाप्रमाणे नसेल तर विक्रेत्याला परत घ्यायला नाही म्हणता येत नाही, त्यामुळे ‘रॅम खराब नाही’ हे त्याचं उत्तर इथे चालत नाही.

घेण्याआधी चॅटवर बोर्डचं मॉडेल सांगून विचारलं होतंत का? मग 1930 च्या माल विक्री कायद्याचं कलम 16 पण मदतीला येतं, कारण तुम्ही गरज सांगितली आणि त्याच्या शब्दावर घेतलं. स्वतःच ब्रँड बघून ऑर्डर केली असेल तर त्या कलमाचा फारसा उपयोग नाही.

बोर्डच्या मॅन्युअलमध्ये एका स्लॉटला किती जीबी चालते तेही बघा, तिथे 4 च लिहिलं असेल तर तुमची 8 ची म्हणून विक्रेता तेच पुढे करणार. आणि जुनी रॅम लावून पीसी चालू होतो, नवी लावली की होत नाही असा सलग व्हिडिओ काढा, नाहीतर स्लॉटच खराब म्हणून हात झटकेल.

मग ईमेलने 15 दिवसांची नोटीस, तरी ऐकलं नाही तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. मुदत 2 वर्षं, तक्रार तुम्ही राहता तिथेच करता येते, एवढ्याशा रकमेला फी नाही आणि वकील पण लागत नाही (माझंच नुकसान!). बिल कंपनीच्या नावावर काढलंय का ते मात्र कळवा, तसं असेल तर व्यावसायिक खरेदी म्हणून आयोगात अडवतील, तक्रार लिहायच्या आधी ते बोलू.