गाडी विकू का? आधी महिनाभर फेऱ्या लिहून काढा

तुम्ही राहता कोथरूडला, ऑफिस कल्याणीनगरला. दोन मुलं आहेत, घरी वयस्कर आई आहे. गाडीचा हप्ता नुकताच फिटलाय आणि रोजच्या ट्रॅफिकने जीव मेटाकुटीला आलाय. गाडी काढून टाकून जरा साधेपणाने राहावं असं वाटतंय, पण घरचे म्हणतात, पुण्यात हे जमणार नाही.

जमतं. आम्ही २०१९ मध्ये गाडी विकली, तेव्हा मेट्रो सुरूसुद्धा झाली नव्हती. फक्त एक कळकळीने सांगते, विकायची घाई करू नका. आमच्याकडे गाडी सगळ्यात शेवटी गेली. त्याआधी वर्षभर एकेक फेरी कमी होत गेली होती.

गाडीची किल्ली अडकवायचो त्याच खिळ्याला आम्ही एक वही टांगली. गाडी काढली की कुठे, कशासाठी, किती किलोमीटर, एवढंच लिहायचं. महिनाअखेर मोजलं तर ६१ फेऱ्या भरल्या आणि त्यातल्या ३८ तीन किलोमीटरच्या आतल्या निघाल्या. दूध, इस्त्रीचे कपडे, बँक, भाजी, मुलीचा गाण्याचा क्लास. क्लास घरापासून सव्वा किलोमीटरवर होता आणि तिथे गाडी लावायला जागा शोधण्यातच दहा मिनिटं जायची. ते पान बघून मला फार वाईट वाटलं होतं. मुलगी आठ वर्षांची झाली होती आणि आपल्या घराजवळचे रस्ते तिने काचेतूनच पाहिले होते.

मग आम्ही एकेक गोष्ट जवळ आणली. गाण्यासाठी मागच्या गल्लीतल्या बाई मिळाल्या. महिन्याचं सामान मॉलऐवजी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे, त्याचा मुलगा घरी आणून देतो. भाजी रोज संध्याकाळी पायी, लागेल तेवढीच. त्यामुळे फ्रीजमध्ये सडून फेकावी लागणारी भाजी जवळजवळ थांबली. क्लासला चालत जाताना मुलगी वाटेत पडलेली बुचाची फुलं गोळा करायची आणि दिवसभरात शाळेत काय झालं ते सांगायची. गाडीत ती गप्प असायची, कारण माझं सगळं लक्ष समोरच्या रिक्षाकडे.

पैशाचा हिशेब स्वतः मांडा. आमची गाडी साडेसात लाखांची होती, सात वर्षांनी अडीच लाखांना गेली. म्हणजे नुसती दारात उभी राहूनही ती महिन्याला सहा हजार खात होती. विमा, सर्व्हिसिंग, टायर, पेट्रोल, गाडी धुणारा हे वेगळं. तुमचा हप्ता फिटला असला तरी हा खर्च फिटलेला नाही.

ऑफिसच्या बाबतीत तुम्ही खरंच नशीबवान आहात. वनाझ किंवा आनंदनगरला मेट्रोत बसलात की थेट कल्याणीनगरला उतरता, मध्ये बदलावं लागत नाही. कल्याणीनगरवरून जाणारा रामवाडीपर्यंतचा टप्पा मार्च २०२४ मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्वारगेटचा भुयारी मार्ग उघडला, त्यामुळे सिव्हिल कोर्टला बदलून मंडईला उतरता येतं. लग्नसराईत तुळशीबाग आणि लक्ष्मी रोडला गाडी घेऊन जाण्यापेक्षा हे कितीतरी सुखाचं आहे. दोन्ही टोकांना चालावं लागेल. स्टेशन ते ऑफिस एकदा स्वतः चालून बघा, नकाशावरच्या अंतरावर विसंबू नका.

माझे वडील नारायण पेठेतून खडकीच्या दारूगोळा कारखान्यात सायकलने जायचे, निवृत्त होईपर्यंत. कॅरिअरला जुन्या ट्यूबच्या पट्टीने बांधलेला डबा, उजव्या पायाला पँटची क्लिप. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी डायनॅमोची घरघर ऐकू आली की आई चहाचं आधण ठेवायची. तेव्हा पुणं सायकलींचंच शहर होतं. ते दिवस जसेच्या तसे परत येणार नाहीत, आणि आज कर्वे रोडवर सायकल घाला असं मी कुणालाही सांगणार नाही. बस अंगावर येतात, फुटपाथवरून दुचाक्या जातात. मी स्वतः मयूर कॉलनीतून निघून आतल्या गल्ल्यांनी जाते. कर्वे रोड सिग्नलला सायकल हातात धरून ओलांडते, पुढे एरंडवण्याच्या गल्ल्या, मग प्रभात रोड. पाचेक मिनिटं जास्त लागतात. पावसाळ्यात सायकल बंद, तेव्हा बस. पीएमपीचं ॲप घ्या, बस कुठवर आली ते दिसतं. काही मार्गांवर तरीही अर्धा तास ताटकळावं लागतं, ही खरी अडचण आहे. अशा फेरीला सरळ रिक्षा करायची. सप्टेंबर २०२२ च्या दरानुसार पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७. महिन्यात पंधरा-वीस वेळा रिक्षा केली तरी गाडीच्या खर्चाच्या जवळपासही जात नाही.

आईंची काळजी तुम्हाला सर्वांत जास्त असणार. आम्हालाही सासऱ्यांची होती. आजूबाजूच्या दोन रिक्षावाल्यांशी आधीच बोलून ठेवलं होतं, त्यांचे नंबर फोनशेजारी भिंतीवर लिहिलेले. एकदा रात्री दोनला सासऱ्यांच्या छातीत दुखायला लागलं, तेव्हा १०८ ला फोन केला. ही रुग्णवाहिका मोफत असते आणि तिच्यात डॉक्टर असतो. त्या रात्री गाडी दारात असती, तर थरथरत्या हातांनी माझे यजमानच ती चालवायला बसले असते.

नातेवाईक बोलतील. आम्हाला एका लग्नात सगळ्यांसमोर विचारलं गेलं, "काय, धंद्यात खोट आली का?" मुलीला तेव्हा रडू आलं होतं. तिला घरी नेऊन आम्ही ती वही दाखवली आणि वाचलेल्या पैशांतून कोकणात आठ दिवस जायचं ठरवलं. गावाला जाताना एसटी किंवा रेल्वे. सगळ्यांना घेऊन जायचं असेल तर वर्षातून दोनदा ड्रायव्हरसह गाडी भाड्याने.

तर येत्या एक तारखेपासून वही सुरू करा. दुसऱ्या महिन्यात तीन किलोमीटरच्या आत गाडी काढायची नाही, एवढंच ठरवा. तिसऱ्या महिन्यात ऑफिस मेट्रोने. मग सलग तीन आठवडे किल्ली खिळ्यावरून हलली नाही की गिऱ्हाईक बघा. यातला एखादा महिना अडला तर कुठली फेरी अडली ते इथेच लिहा, आपण मिळून तिच्यावर मार्ग शोधू.