बर्मिंगहॅममध्ये सायकल: दीड मीटर, कॅमेरा आणि पोलीस

तुम्ही सप्टेंबरात पुण्याहून बर्मिंगहॅमला येताय, घर सेली ओकला आणि ऑफिस सिटी सेंटरला. रोज सायकलनेच जायचं ठरवलंय आणि तीन प्रश्न विचारलेत: सायकलला ओव्हरटेक करताना गाडीने दीड मीटर अंतर ठेवायचा कायदा खरंच आहे का, पोलीस सायकलवाल्यांना अडवतात का, हेल्मेट नसेल तर दंड होतो का.

शेवटच्याचं उत्तर सोपं आहे. हेल्मेटची सक्ती नाही, पण घाला. सायकलला लायसन्स, नोंदणी किंवा विमा काहीही लागत नाही.

दीड मीटरचं मात्र नीट समजून घ्या, कारण इथे वर्षानुवर्षं राहणाऱ्यांचाही यात गोंधळ असतो. हायवे कोडमध्ये, म्हणजे इथल्या रस्त्यांच्या अधिकृत नियमावलीत, २९ जानेवारी २०२२ पासून असं आहे की ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगाने सायकलला ओव्हरटेक करताना गाडीवाल्याने किमान दीड मीटर अंतर ठेवावं, वेग जास्त असेल तर अंतरही जास्त. पण हा आकडा थेट कायद्यात नाही. १.४ मीटरवरून गाडी गेली म्हणून आपोआप गुन्हा होत नाही. गुन्हा आहे तो निष्काळजीपणे गाडी चालवण्याचा, १९८८ च्या रोड ट्रॅफिक ॲक्टखाली, आणि गाडीवाला निष्काळजी होता का हे ठरवताना कोर्ट हायवे कोडकडे बघतं. म्हणजे आकड्याला वजन आहे, पण ते पोलिसांनी किती मनावर घेतलंय यावर अवलंबून.

या बाबतीत तुम्ही योग्य शहरात येताय. नियमात दीड मीटर यायच्या आधीच, २०१६ मध्ये, इथल्या वेस्ट मिडलंड्स पोलिसांनी ‘ऑपरेशन क्लोज पास’ सुरू केलं. साध्या कपड्यातला पोलीस सायकलवरून निघतो, सायकलला कॅमेरा. कोणी अंगाला चिकटून गेलं की तो वायरलेसवर नंबर सांगतो आणि पुढे उभे असलेले सहकारी ती गाडी बाजूला घेतात. रस्त्याचा तुकडा छापलेली एक मोठी चटई जमिनीवर अंथरलेली असते. त्यावर फुटपाथची कड, सायकल आणि गाडीने कुठून जायला हवं होतं ते दाखवलेलं. गाडीवाल्याला तिथेच उभं करून समजावतात. वागणं फारच धोकादायक असेल तर सरळ खटला. ही पद्धत पुढे देशातल्या बऱ्याच पोलीस दलांनी उचलली. मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की पोलिसांनी स्वतः सायकलवर बसून रस्ता पाहिला. सायकलवाला मध्ये का आला, असा प्रश्न मग उरत नाही.

पण पोलीस सगळीकडे नसतात, म्हणून कॅमेरा घ्या. शक्य असेल तर पुढे एक, मागे एक. पर्शोर रोडवर एक व्हॅन माझ्या कोपराला जवळजवळ घासून गेली होती, समोरून गाड्या येत असताना. त्याच रात्री मी पोलिसांच्या वेबसाइटवरचा फॉर्म भरून व्हिडिओ पाठवला, आणि कारवाई करत असल्याचं उत्तर आलं. उशीर करू नका, कारण साधारणपणे घटनेपासून १४ दिवसांत गाडीच्या मालकाला नोटीस जावी लागते. व्हिडिओ कापू नका, घटनेच्या आधीचं आणि नंतरचं फुटेज ठेवा, आणि आधी सोशल मीडियावर टाकू नका. नंबरप्लेट तिथल्या तिथे मोठ्याने म्हणा, आवाजात रेकॉर्ड होते. वाइड अँगल लेन्समध्ये अंतर आहे त्यापेक्षा जास्त दिसतं, त्यामुळे फॉर्ममध्ये लेनची रेघ, तुमचं हँडल आणि गाडी यांच्या जागा शब्दांत लिहा. आणि तुम्ही त्याच व्हिडिओत सिग्नल तोडताना दिसलात तर तेही पोलिसांना दिसणारच. गाडीवाल्याला शिक्षा म्हणाल तर सौम्य प्रकरणात इशारा किंवा ड्रायव्हिंगचा कोर्स, नाहीतर १०० पौंड दंड आणि लायसन्सवर ३ पॉइंट, म्हणजे गुन्ह्याची नोंद. कोर्टात गेलं तर ९ पॉइंटपर्यंत.

आता तुमच्या सवयीबद्दल. पुण्यात आपण अगदी कडेकडेने चालवतो, आणि मागच्याने हॉर्न दिला की आणखी कडेला सरकतो. इथे ते करू नका, कळकळीने सांगतेय. कडेला चिकटलात की मागच्या गाडीला वाटतं, त्याच लेनमधून निसटता येईल, आणि तीच गाडी तुम्हाला घासून जाते. हायवे कोडच सांगतो की शांत रस्त्यावर, हळू ट्रॅफिकमध्ये, चौकाजवळ आणि रस्ता अरुंद होतो तिथे लेनच्या मधोमध चालवा. वेगवान वाहतुकीतसुद्धा कडेपासून किमान अर्धा मीटर. उभ्या गाड्यांपासून मीटरभर लांब, दार उघडू शकतं. सेली ओकच्या गल्ल्यांत दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या असतात, तिथे हे पहिल्याच दिवशी कळेल. हॉर्न इथे ‘मी आलोय’ सांगायला सहसा कोणी वाजवत नाही. वाजवलाच तर बहुधा रागाने, तरीही जागा सोडू नका. फक्त ट्रक डावीकडे वळत असेल तर त्याच्या डाव्या बाजूला कधीही घुसू नका, त्या जागी ड्रायव्हरला तुम्ही दिसतच नाही.

तुमचं नशीब असं की सेली ओकजवळून सिटी सेंटरपर्यंत ब्रिस्टॉल रोडला वेगळा सायकल ट्रॅक आहे, त्यामुळे रोजचा बराचसा रस्ता गाड्यांपासून दूर जाईल. कालव्याकाठची वाटही सुंदर आहे, पण अरुंद, आणि तिथे पहिला मान चालणाऱ्यांचा.

पोलीस उगाच अडवत नाहीत. सिग्नल तोडला, फुटपाथवर चालवली किंवा अंधारात दिवे नसले तर अडवू शकतात आणि ५० पौंडांपर्यंत दंड होतो. युनिफॉर्ममधल्या पोलिसाने थांबायला सांगितलं तर थांबणं बंधनकारक आहे. निष्काळजी चालवल्याचा आरोप असेल तर नाव-पत्ता द्यावाच लागतो. कुठलंही कार्ड बाळगायची सक्ती नाही. जागेवर रोख पैसे द्यायचे नसतात, खिशात हात घालूच नका. दंडाचा कागद मिळतो, पैसे भरायला २८ दिवस असतात. दिव्यांचं मनावर घ्या: पुढे पांढरा, मागे लाल, मागे लाल रिफ्लेक्टर, पेडलवर पिवळे. डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे ऑफिसमधून घरी येणं रोज अंधारातच.

ई-बाइक घ्यायचा विचार असेल तर २५० वॉट आणि ताशी साडेपंधरा मैलांवर मोटर बंद होणारीच घ्या. त्यापलीकडची कायद्याने मोटरसायकल धरली जाते, आणि विम्याशिवाय चालवलीत तर पोलीस जप्त करतात. बरोबर येणारा भाऊ स्टुडंट व्हिसावर आहे म्हणालात, त्याला सायकलवर फूड डिलिव्हरी करू देऊ नका. ती कामं बहुतेक स्वयंरोजगारात मोडतात, आणि त्या व्हिसावर स्वयंरोजगाराला बंदी आहे.